तोट्याच्या वर्षाचा नफा

रमाकांतराव गेले त्याच्या अकराव्या दिवशी, बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, त्यांच्या कंपनीचे चेअरमन सत्तर हजार रुपयांचा चेक घेऊन लातूरच्या घरी आले. सोबत दोन संचालक होते. घरात अक्का, म्हणजे रमाकांतरावांची पत्नी आणि माझी थोरली मेहुणी, माझी बायको आणि मी, एवढेच. चेकच्या पाकिटाबरोबर टाइप केलेली पावतीही होती, आणि तिच्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प घरूनच चिकटवून आणलेला. भेटायला येणारे लोक फळे आणतात. स्टॅम्प आणणारे मी पहिल्यांदाच पाहिले.

"वहिनी, साहेब म्हणजे सचोटीचा पुतळा होते," चेअरमन म्हणाले. "हे त्यांच्या हक्काचं. दोन वर्षं जपून ठेवलं होतं आम्ही."

"कोणत्या वर्षाचं?" अक्कांनी विचारले.

"ते... नफा झाला होता ना, त्या वर्षाचं."

अक्कांनी पावतीवर सही केली आणि पाकीट घेतले. मला ते मुळीच आवडले नाही. ज्या पैशाला त्यांच्या नवऱ्याने हात लावला नाही, तो त्यांनी न बोलता घेतला. संचालक खुर्चीतून उठताना एकमेकांकडे पाहून हलकेच हसले, तेही मी पाहिले.

रमाकांतराव माझे साडू. लातूरच्या एका डाळ कंपनीत एकोणीस वर्षे हिशेब पाहत होते. मी नांदेडला एका शिक्षणसंस्थेच्या लेखा विभागात आहे, त्यामुळे आमचे बोलणे आकड्यांवरून सुरू होई आणि तिथेच संपे. गोड माणूस म्हणावे असे ते नव्हते. त्यांच्याबरोबर हॉटेलात जेवणे ही शिक्षा होती. बिलाची बेरीज ते दोनदा करत आणि वेटरने एखादी रोटी कमी लावली असेल तर तीही दाखवून देत. माझ्या मुलीच्या लग्नात केटररची ताटे मोजत ते तीन तास उभे राहिले, वरातीकडे फिरकलेसुद्धा नाहीत. मला त्यांचा राग येई. पण पंगतीला किती ताटे वाढली, हे मला आजही नक्की माहीत आहे.

काही वर्षांपूर्वी कंपनीला नवी यंत्रे घ्यायची होती. मुंबईच्या एका गुंतवणूकदाराने पन्नास लाख दिले आणि बदल्यात वॉरंट घेतले. वॉरंट म्हणजे, पुढच्या पाच वर्षांत ठरल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. त्यात एक अट होती. मधल्या काळात कंपनीने दुसऱ्या कोणाला स्वस्तात शेअर दिले, तर याचाही भाव तेवढा खाली यायचा. हिशेब नव्या पद्धतीने ठेवायचा, हीही त्याचीच अट. चेअरमनने न वाचता सही केली आणि पेढे वाटले. ते पन्नास लाख भांडवलात दाखवा, असा हुकूम झाला. रमाकांतराव म्हणाले, भाव पक्का नाही, किती शेअर द्यावे लागतील आणि कितीला, हे आज सांगता येत नाही, म्हणून हे भांडवल नाही, देणे आहे. दर मार्चला त्याची वाजवी किंमत, म्हणजे त्या दिवशी तो हक्क कितीला जाईल ते, काढायची आणि फरक नफ्या-तोट्यात घ्यायचा. ऑडिटरनेही तेच सांगितले.

पहिल्या वर्षी धंदा जोरात झाला. साठ लाख सुटले. पण कंपनीची किंमत वाढली तशी वॉरंटचीही वाढली. पन्नास लाखांचे देणे एक कोटी चाळीसवर गेले. नव्वद लाखांचा फरक तोट्यात, म्हणजे वहीत तीस लाख तोटा. चेअरमनचे कमिशन निव्वळ नफ्यावर पाच टक्के, त्यामुळे ते शून्य.

"साठ लाख कमावले मी, अन् तुम्ही तीस लाख गमावून राहिले?" चेअरमन भर ऑफिसात ओरडले.

"साहेब, तूर ऐंशीनं द्यायचा शब्द तुम्ही एकाला दिला, अन् बाजार एकशेदहावर गेला. तर त्या शब्दाचं ओझं किलोमागं तीस रुपये झालं का नाही?"

"तूर मला नका शिकवू!"

डाळीवर जन्म काढलेल्या माणसाला तुरीचा हिशेब कळत नव्हता असे नाही. कमिशन गेले, तेवढेच कळत होते. त्यानंतर वर्षभर रमाकांतरावांना ऑफिसात 'तोटेवाले' म्हणत. चहा सांगणारासुद्धा "तोटेवाल्याला बिनसाखरेचा" म्हणे.

दुसऱ्या वर्षी उलटे झाले. डाळीचे भाव कोसळले, धंद्यात पंचेचाळीस लाख गेले. कंपनीचीच किंमत पडल्यावर ते वॉरंट कोण वापरणार? देणे एक कोटी चाळीसवरून पंचवीस लाखांवर आले. एक कोटी पंधरा लाखांचा फरक नफ्यात. वहीत निव्वळ नफा सत्तर लाख. तिजोरीत त्यातला एक रुपया आलेला नव्हता. ही नोंद रमाकांतरावांनी स्वतःच्या हाताने केली, कारण नोंद बरोबर होती.

मग जे झाले ते असल्या माणसांनाच सुचावे. हमालांना दर दिवाळीला साडेचार हजार बक्षिसी मिळे. सोळा हमाल. त्या वर्षी फाटकावर नोटीस लागली, धंद्यातील तोट्यामुळे यंदा बक्षिसी नाही. आणि त्याच आठवड्यात संचालकांच्या बैठकीत ठराव झाला, सत्तर लाखांच्या नफ्यावर चेअरमनला साडेतीन लाख कमिशन, हिशेबप्रमुखाला एक टक्का, सत्तर हजार. दोन्ही कागद एकाच टेबलावर टाइप झाले.

रमाकांतराव बैठकीत उभे राहिले. म्हणाले, वही बरोबर आहे, कमिशन चूक आहे. मोठ्या कंपन्यांना कायदाच सांगतो की कमिशनसाठी हा असला नफा धरू नका.

"आपली खासगी कंपनी आहे. आपल्याला तो कायदा लागू नाही," एक संचालक म्हणाले.

"मग लाजही लागू नाही का?"

चेअरमन हसले. "अहो, पद्धत तुमचीच! तोटा आला तवा गोड होती, आता नफा आला तर कडू झाली?"

सगळे हसले. त्या संध्याकाळी रमाकांतरावांचा मला फोन आला. मी काय म्हणालो ते लिहायलाच हवे. मी म्हणालो, "घेऊन टाका हो. कायद्यानं तुमचेच आहेत."

"पाहुणे, कायद्यानं माझेच आहेत... म्हणून तर अवघड जातंय."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. तसे लेखी दिले. पुढच्या महिन्यात त्यांची बदली वजनकाट्यावर झाली. "तिथं वाजवी किंमत वगैरे नसते," चेअरमन म्हणाले, "नुसते किलो." दोन वर्षे ते पत्र्याच्या खोलीत ट्रक मोजत बसले. गेले तेही कामावर निघताना, उंबऱ्यात चप्पल घालताना.

आणि आता हे पाकीट. दोन वर्षे जपून ठेवले म्हणे! त्यांच्या ऑडिटरला मी ओळखतो. न घेतलेले सत्तर हजार वहीत देणे म्हणून पडून होते आणि यंदा त्याने त्यावर शेरा मारला होता. ती नोंद मिटवायची होती. मेलेल्या माणसाचा नकार त्याच्या विधवेच्या सहीने पुसायचा, आणि त्याला सांत्वन म्हणायचे. वाघासारखा शत्रू असता तर वाईट वाटले नसते. ही तर उंदरांची जात.

तेरावा झाल्यावर मी अक्कांना विचारले, "का घेतलात?"

"तुमच्या हिशेबात काय बसतं ते मला न्हाई कळत," अक्का म्हणाल्या. "माघारी दिले असते तर कुणाच्या खिशात गेले असते?"

मग त्यांनीच मला काम सांगितले.

"हमालांची यादी काढा. त्या दिवाळीला जे होते ते."

यादी काढायला मला तीन आठवडे लागले. तेरा जण लातुरातच होते. ते एका रविवारी घरी आले आणि अंगणातच उभे राहिले. दादाराव नावाच्या सर्वांत जुन्या हमालाने नोटा हातात घेऊन विचारले, "बाई, हे कशाचं? त्या साली तर तोटा होता म्हणले."

"तोटाच होता," अक्का म्हणाल्या. "मोजून घ्या."

एक जण देगलूरला मुलाकडे गेला होता, दोघे मुदखेडला. त्यांना मी स्वतः जाऊन दिले आणि सही घेतली. सोळा जण, प्रत्येकी साडेचार हजार, एकूण बहात्तर हजार. सत्तर कंपनीचे. कमी पडलेले दोन हजार अक्का काढत होत्या, ते मी त्यांना काढू दिले नाहीत. घेऊन टाका म्हणालो होतो, त्याचे ते माझ्याकडून.