साठ मासे आणि एक विदुषी

आमच्या घरात एक नियम होता: काका पुण्य करत असताना प्रश्न विचारायचा नाही. आता मी झूलॉजीत बीएस्सी झालेली मुलगी, मला हा नियम पचावा कसा? तो मोडायला गेले आणि माझी अशी शोभा झाली म्हणता! पंच्याण्णव सालचीच गोष्ट.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर. बदलीवर लखनौला आले, इथलेच झाले, आणि इथला एक रिवाजही उचलला. दर पौर्णिमेला निशातगंजच्या बाजारातून जिवंत मांगुर आणायचे आणि देवळाच्या तळ्यात सोडायचे. मांगुर म्हणजे मिशाळ, काळपट मासा. त्या सुमाराला बाजारात त्याचा परदेशी भाऊबंद आला होता. धिप्पाड आणि अधाशी! देशी माशाचं अन्नही खाणार आणि पिल्लंही.

"काका, परदेशी सोडलेत तर तळ्यातले देशी संपतील!"

"अच्छा? मग विदुषीबाई, माझ्या साठीला साठ मासे सोडायचेत. तूच निवड!"

निवडले की! नाकाला रुमाल लावून, टबापासून चार हात लांब उभी राहून.

"भैया, देसी ही चाहिए."

"खालिस देसी है, बिटिया! देखिए न, कितने छोटे हैं. हाथ में लेकर देख लीजिए."

हातात? चातुर्मासात कांद्यालाही न शिवणारं आमचं घर! मी लांबूनच मान डोलावली. देशी मासा लहान असतो, हे मला पाठ होतं. परदेशीसुद्धा कधीतरी बाळ असतो, हे काही सुचलं नाही.

बादली उलटवून साठच्या साठ तळ्यात सोडले, वर काठावर देशी माशांवर भाषणही ठोकलं!

सहा महिन्यांत तळ्यात हातभर मासे उसळायला लागले. बारके मासे दिसेनासे झाले. पंडितजी प्रसाद टाकताना बोटं सांभाळायला लागले. मी जाऊन पाहिलं, तर सगळे परदेशीच!

घरात मात्र दिवाळी!

"काय बरकत आहे गं पोरीच्या हाताला!" काकू म्हणाली.

"पुढच्या वाढदिवसाला एकसष्ट मासे," काका म्हणाले. "हिच्याच हातून!"

"मी नाही सोडणार," मी म्हणाले. "आणि तुम्हीही सोडायचे नाहीत. ते परदेशी होते. तळ्यातले देशी मीच संपवले."

"पण तुला तर ओळखता येतात ना?" काकांनी विचारलं.

"येतात. डोक्यामागचं हाड चाचपून बघावं लागतं."

"मग चाचपलं का नाहीस?"

"किळस आली."

काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकूकडे. जन्मात पहिल्यांदा मी मोठ्यांना गप्प केलं, आणि तेही स्वतःच्या गाढवपणाची कबुली देऊन!