मिस्त्रींची अकरा फुटी फळी

डबा संपला की मिस्त्री टेबल पुसायचे, तळवा पालथा ठेवायचे आणि न उचलता, सावकाश, दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायचे. "अशी येते बघ. वळत नाय, पण पोचवते बरोबर." लाटेवरच्या फळीबद्दल असं बोलणारा सुतार तुम्ही पाहिला असेल तर सांगा. मी तरी दुसरा पाहिला नाही.

ऐंशीच्या दशकात कांदिवलीच्या आमच्या कारखान्यात ते सुतारकामाला होते. मूळचे मालवणचे. मढच्या एका बंगल्यात शूटिंगवाल्यांनी लाटांवर उभं राहायची फळी टाकून दिली होती. बंगल्याची दारं दुरुस्त केली त्याबद्दल मिस्त्रींनी तीच मागून घेतली. फळी अकरा फूट, चाळीतली खोली दहा. वहिनींनी उंबऱ्यातच विचारलं, "आणि आम्ही झोपायचं कुठे?"

मग ती मनोरीला एका कोळीण मावशीच्या अंगणात गेली. आठवडाभर मावशीने तिच्यावर सुकट वाळवायची, रविवारी फळी मिस्त्रींची. त्यामुळे सोमवारी आमच्या खात्यात सुकटीचा वास यायचा. फळी एकट्याला उचलवायची नाही, म्हणून मागचं टोक धरायला मी. खांद्याची पार वाट लागायची.

तिथल्या लाटा गुडघ्याएवढ्या. आखूड फळी त्यांवर हललीही नसती, पण हिला तेवढं पुरायचं. बनियन घातलेला तो पन्नाशीचा माणूस हात मागे बांधून, रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा, लांबून थेट वाळूपर्यंत यायचा. मध्येच फळीवरच दोन पावलं पुढे चालून यायचा. मीही एकदा चढलो आणि आपटलो. पण त्याआधी जरासं पाणी पायाखालून पळालं, ते सुख अजून आठवतं.

वळत मात्र नव्हती ती. एकदा समोर कोळ्यांचं जाळं होतं. "बाजूला व्हा रे" म्हणत मिस्त्री सरळ त्यात घुसले. मग दुपारभर मावशीशेजारी बसून फाटलेलं जाळं विणत होते.

"दोन फूट काप ना रे," मावशी म्हणाली. "वळेल, हलकी होईल. एकटा नेशील."

मिस्त्रींनी पेन्सिलीने रेघ मारली. "पुढच्या रविवारी कापतो." तो रविवार काही येईना.

पुढे मी मुलुंडला राहायला गेलो आणि माझे रविवार सुटले. आता करवत चालणार, असंच मला वाटलं. वर्षभराने सहज मनोरीला गेलो, तर मागचं टोक धरून वहिनी चाललेल्या, पदर खोचून.

"जीव खाते मेली," त्या म्हणाल्या. "पण करवत मीच लपवली. कापली की हे एकटेच येणार ना. लग्नाला वीस वर्षं झाली, रविवारी मला कुठे नेलं होतं यांनी?"

मिस्त्री पुढचं टोक धरून नुसते हसत होते.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी कारखान्यातच ते छातीत कळ येऊन गेले. महिन्याने वहिनींचा निरोप आला, मनोरीला चल. मावशीने फळी भिंतीला टेकवून ठेवली होती, सुकट जमिनीवर पसरली होती. या वेळी पुढचं टोक मी धरलं. मागचं वहिनींनी. आम्ही फळी अंगणातल्या, सुकट वाळवायच्या कमरेएवढ्या मांडवावर आडवी ठेवली.

वहिनींनी ती पदराने पुसली. तळवा पालथा ठेवला आणि न उचलता सरकवत नेला, पेन्सिलीच्या रेघेवरून पुढे, पार टोकापर्यंत.

मग म्हणाल्या, "घाल मावशी सुकट. आता रविवारीसुद्धा."