कांदा महाग, कांदा स्वस्त

टीव्हीवर मी जितक्या वेळा आलोय ना, तितक्या वेळा आमच्या गेस्ट हाऊसात उतरणारे आमदारसुद्धा आले नसतील. दर वेळी कॅमेरावाला म्हणायचा, जरा रडका चेहरा करा, आणि लगेच म्हणायचा, नको, आहे तोच राहू द्या.

मी दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसात पँट्रीला होतो. म्हणजे आपल्या राज्यातून कामाला आलेल्या साहेब लोकांना खोलीत चहा, पोहे, गरम पाणी नेऊन द्यायचं. शाळा म्हणाल तर मी शाळेच्या कुंपणापर्यंत गेलेला माणूस. कुंपणावर बसून आतल्या पोरांना वाकुल्या दाखवायचो. मास्तरांनी एकदा आत ओढलं, पण वर्गाची वाट लागली म्हणून त्यांनीच परत बाहेर काढलं. दिल्लीला आलो तो गावाकडच्या एका साहेबांचं सामान उचलून. सामान परत गेलं, मी राहिलो.

आमच्या गेटाबाहेर कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. तिथं टीव्हीवाल्यांच्या गाड्या थांबायच्या. चॅनेलं तेव्हा नवीनच फुटली होती आणि दिवसभर काहीतरी दाखवावं लागायचं. जनता काय म्हणते हे दाखवायचं तर जनता पाहिजे. जनता बाजारात मिळते, पण बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही. टपरीवर जागा होती, सावली होती, आणि किटली भरायला आलेला मी होतो. मग रिपोर्टर म्हणायचा, "अंकल, एक बाइट दे दो." बाइट म्हणजे माइकसमोर दोन वाक्यं बोलायची. मी चार बोलायचो. दोन त्यांनी कापावीत म्हणून जास्तीची.

पहिली बाइट कांद्यावर दिली. कांदा फार महाग झाला होता म्हणे. म्हणे अशासाठी की मी जेवायचो कँटीनमध्ये आणि घरची भाजी आणायची बायको. कांदा विकत घ्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पण समोर माइक आला आणि तोंडातून आपोआप निघालं, "साहब, बच्ची रोज़ पूछती है, पापा सब्ज़ी में प्याज़ क्यों नहीं है." आवाजसुद्धा थोडा कापला. कसा कापला, मला माहीत नाही. रिपोर्टर इतका खूश झाला की त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले, तोही चहा मी फुकटच पीत होतो.

संध्याकाळी आमचं आख्खं स्टाफ क्वार्टर आमच्या खोलीत टीव्हीपुढं बसलं. आमची मुलगी तेव्हा लहान, दुसरीत वगैरे असेल. बायकोनं सगळ्यांसाठी कांदाभजी केली होती. पोरीनं भजं खात खात मला टीव्हीत पाहिलं आणि तेलकट हातानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या वर्गाला सांगून आली की माझे पप्पा न्यूजमध्ये बोलतात.

मग मला चटकच लागली. थंडीची लाट आली की मी माकडटोपी घालून टपरीवर दात वाजवत उभा. रेल्वेच्या गाड्या लेट झाल्या की कुठल्यातरी साहेबांची बॅग हातात घेऊन मी खोळंबलेला प्रवासी. पुढं कधीतरी कांद्याचा भाव पडला. तेव्हा एका रिपोर्टरला शेतकरी पाहिजे होता, आणि शेतकऱ्यासाठी पार दिल्लीच्या बाहेर जावं लागलं असतं. मी म्हटलं, थांबा. आमच्या स्टोअरमध्ये पाहुण्यांच्या सत्काराचे फेटे असायचे. त्यातला एक काढला, डोक्याला गुंडाळला आणि बाहेर येऊन रडलो, की साहेब, कांद्याला भावच नाही, रस्त्यावर ओतायची पाळी आली. फेटा जरीचा होता. ते ना रिपोर्टरला खटकलं, ना मला. घरी मात्र हे सांगितलं नाही, कारण फेटा न विचारता काढला होता. त्यामुळं पोरीला माहीत होता तो फक्त कांदा महाग असलेला बाप. कांदा स्वस्त झालेला बाप तिनं पाहिलाच नव्हता.

पोरगी मोठी झाली आणि मास कॉमला, म्हणजे बातम्यांचं शिकायला गेली. मी गेस्ट हाऊसभर सांगत सुटलो, माझ्यावर गेलीय. मॅनेजर म्हणाले, देव करो आणि तसं न होवो.

शेवटच्या वर्षाला तिची फार धावपळ चालली होती. शिकून झालं तरी चॅनेलच्या दारातून आत जायला आधी कुणीतरी ट्रेनिंगला घ्यावं लागतं. तिच्या वर्गातल्या कुणाचा काका पेपरात, कुणाची मावशी रेडिओत. हिच्याकडं मी. तिनं किती ठिकाणी अर्ज केले ते तिचं तिला माहीत. उत्तर आलं की ती मोबाईल उलटा करून ठेवायची, त्यावरून मला कळायचं.

अशात तिच्या कॉलेजनं एक चर्चा ठेवली. विषय असा, की बातमीत दिसणारा सामान्य माणूस खरा असतो का. नोएडाच्या एका चॅनेलच्या संपादक बाई परीक्षक म्हणून येणार होत्या, आणि जो चांगला बोलेल त्याला त्या ट्रेनिंगला घेणार होत्या. फक्त एकाला. पोरगी महिनाभर त्याच्याच मागं होती. आरशासमोर बोलायची, मी आत गेलो की गप्प व्हायची. आदल्या दिवशी म्हणाली, "पप्पा, तुम्ही या हां कल. बिल्कुल टाइमवर." मी सफारी इस्त्रीला दिली. बायकोला गावाकडं जावं लागलं होतं, म्हणून मी एकटाच गेलो. ती असती तर तिनं माझी बाही ओढून मला खाली बसवलं असतं.

पोरगी पहिली बोलली. हिंदीत. काय बोलली. म्हणाली, ज्याला कुणी विचारत नाही, त्याला निदान कॅमेऱ्यानं तरी विचारलंच पाहिजे. न शिकलेल्या माणसाला लिहिता येत नाही, साहेबाच्या केबिनमध्ये जाता येत नाही, पण रस्त्यावर कुणी माइक धरला तर तो खरं बोलतो, कारण त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. आणि मग म्हणाली, मी लहान असताना माझे वडील टीव्हीवर कांद्याच्या भावाबद्दल बोलले होते. गेस्ट हाऊसमध्ये चहा देणाऱ्या माणसाचं सगळ्या देशानं ऐकलं. त्या दिवशी मी ठरवलं, आपण हेच काम करायचं.

मला हे माहीत नव्हतं. संपादक बाई काहीतरी लिहून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. मला वाटलं, झालं काम.

तिच्यानंतर एक मुलगा उठला. तिच्याच वर्गातला, सरळ पोरगा. तो म्हणाला, मी फक्त दाखवतो. त्यानं चॅनेलवाल्यांच्या जुन्या चित्रफिती इंटरनेटवरून शोधून काढल्या होत्या. मागचा मोठा पडदा उजळला आणि त्यावर मी. कांदा महाग.

पोरगी स्टेजवर बसली होती. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि हसली. मी कॉलर सरळ केली.

पुढची फीत सुरू झाली. परत मी, डोक्यावर जरीचा फेटा. कांदा स्वस्त.

हॉल हसून जो फुटला. तिसऱ्या फितीत मी माकडटोपीत दात वाजवतोय, चौथीत साहेबांची बॅग घेऊन गाडीसाठी खोळंबलोय, आणि मागं तोच कडुनिंब, तीच टपरी. पोरं बाकं बडवायला लागली. तो मुलगा म्हणाला, हा आहे आपल्या देशाचा सामान्य माणूस, आणि तो एकच आहे.

इथं मी गप्प बसायचं होतं. त्या हॉलात मला ओळखणारं एकच माणूस होतं, आणि ती काही बोलणार नव्हती. पण लोक हसायला लागले की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत, लहानपणापासूनचं आहे ते. मी उभा राहिलो, हात वर केला आणि म्हटलं, "अरे भाई, वो मैं ही हूँ. और वो जो स्टेज पे बैठी है ना, मेरी बेटी है."

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. टाळ्यासुद्धा पडल्या. मी मंत्री लोक करतात तसा चारी बाजूंना नमस्कार केला. नमस्कार करता करता स्टेजकडं वळलो.

पोरीच्या हातात माइक होता. सकाळपासून ती सगळं हिंदीत बोलत होती, मैत्रिणींशीसुद्धा. आता तिनं मराठीत विचारलं, "पप्पा, कांद्याचं तरी खरं होतं ना?"

हॉलमध्ये कुणाला ते कळलं नसावं. आमच्या दोघांपुरतंच होतं ते. तिनं तसं मुद्दामच विचारलं असणार. मी मराठीत काहीही म्हणालो असतो, हो म्हणालो असतो, चुकलो म्हणालो असतो, तरी ते आमच्यातच राहिलं असतं. पण हॉल माझ्याकडं बघत होता. सगळे तोंड उघडून वाट बघत होते. आणि मी हिंदीत म्हणालो, "बेटा, प्याज़ तो तेरी मम्मी लाती थी."

परत हशा. तिनं माइक टेबलावर ठेवला. हळू ठेवला, तरी त्याचा आवाज आला.

संपादक बाई शेवटी बोलल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, मुलगी सगळ्यांत चांगली बोलली, तिला भाषा आहे, तळमळ आहे. पण जे आपण सांगतो ते खरं आहे का, हे विचारायचं असतं, आणि हिला विचारायला घराबाहेरसुद्धा जावं लागलं नसतं. ट्रेनिंगला त्यांनी त्या मुलाला घेतलं. बरोबरच केलं. तो बिचारा खाली उतरून माझ्याकडं आला आणि म्हणाला, अंकल, मला माहीत नव्हतं हो, नाहीतर दाखवलं नसतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. काहीतरी विनोदसुद्धा केला असेन, आता आठवत नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी पोरीची वाट बघत उभा राहिलो. लोक येता जाता माझ्याकडं बघून हसत होते. एकानं फोटो काढला. मला पहिल्यांदाच वाटलं, सफारी घालून यायला नको होतं, म्हणजे एवढ्या लांबून दिसलो नसतो. आतून ती लवकर येईना. मी मनात शब्द जुळवत होतो. बाळा, तू खोटं बोलली नाहीस. खोटं मी बोललो, आणि तू ते खरं धरून चाललीस. एवढंच म्हणायचं होतं. पण मनातल्या मनातसुद्धा ते वाक्य नीट उभं राहीना, त्याला आपोआप एक विनोद चिकटायचा, आणि तो काढला की वाक्यही पडायचं.

तेवढ्यात संपादक बाईंच्या चॅनेलची एक मुलगी माइक घेऊन पायऱ्या चढून आली, मागं कॅमेरावाला. कार्यक्रमाची छोटी बातमी करायची होती. मघाशी ती आत नव्हती, त्यामुळं मी कोण ते तिला माहीत नव्हतं. म्हणाली, "अंकल, आप पेरेंट हैं? दो लाइन बोल दीजिए."

मी हो म्हटलं. खरंच सांगतो, या वेळी मला बाइट द्यायची नव्हती, मला ते सांगायचं होतं. माझी मुलगी बरोबर बोलली, खोटा मी निघालो, असं कॅमेऱ्यात बघून सांगणार होतो. तोंडावर जे जमत नव्हतं ते माइकवर जमेल असं वाटलं. मी घसा साफ केला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला, आणि माझा चेहरा आपोआप रडका झाला.

पोरगी मागून आली. कधी आली कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. माइकवर आडवा हात धरला आणि त्या मुलीला शांतपणे म्हणाली, "इनका मत लीजिए. ये कैमरे के सामने कुछ भी बोल देते हैं."