बिननावाचं स्टेशन

बाईंच्या तोंडून "नाही" हा शब्द मी कधी ऐकला नाही. तलासरीच्या आमच्या कचेरीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला खेटून होतं. "बाई, जरा माझं टपाल बघाल का? मला लवकर निघायचंय," असं कुणी म्हटलं की बाई म्हणत, "बघू हं." आणि मान खाली घालून त्याचं टपाल उरकत. वेवजीहून आलेल्या म्हाताऱ्याचा अर्ज लिहून देणं असो की साहेबांच्या पाहुण्यांसाठी चहा सांगणं असो, उत्तर एकच. यमदूत आले तरी बाई त्यांनाही "बघू हं" म्हणतील आणि मुकाट्याने पायात चपला सरकवतील, असं आम्ही म्हणायचो. त्या स्वतःही यावर हसत.

अशा माणसाला एखादं वेड असेल असं कुणाला वाटणार? पण होतं. तरुणपणी, नोकरी नवी असताना, घोलवडच्या एका चिकूवाडीतल्या शेठनी बंगल्यातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. त्यात विजेवर चालणारी छोटी आगगाडी होती. एक इंजिन, मालाच्या तीन वाघिणी आणि अंगठ्याएवढ्या रुंदीचे रूळ. बाईंनी ती उचलली. डहाणूतल्या आपल्या दोन खोल्यांत, संध्याकाळी फरशीवर रूळ मांडून त्या गाडी फिरवत बसायच्या. मग चिंचणीहून धाकट्या भावाची, जनाभाऊंची, दोन मुलं शिकायला त्यांच्याकडे आली. जिथे रूळ असत तिथे अंथरुणं पडली. गाडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली आणि डबा माळ्यावर.

मुलं शिकली, तारापूरला कारखान्यात लागली, लग्नं करून चिंचणीला परत गेली. बाईंनी तो डबा खाली काढला तो निवृत्ती तोंडावर आली तेव्हा. मी मुद्दाम बघायला गेले होते. रूळ खाऱ्या हवेने काळे पडलेले. बाईंनी पर्समधून कचेरीतलं खोडरबर काढलं आणि रूळ घासायला बसल्या. सरकारी खोडरबराचा त्यांनी केलेला हा एकमेव गैरवापर. मग वायर जोडली. इंजिन आधी नुसतं थरथरलं, थोडं गुरगुरलं आणि निघालं. बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय उरला नाही. डब्याच्या झाकणाखाली कागद, कागदावर पेन्सिलीने आखलेली खोली आणि खोलीत वळणं. मी म्हणायची, "बाई, डोंगर काढा, बोगदा काढा, पूल काढा!" त्या म्हणायच्या, "हात पोचेल तेवढंच राज्य मांडावं. मधेच गाडी घसरली तर उचलायला तुला बोलावू का?" लांब प्रवासी डबे घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "लहान खोलीत वळणं तंग असतात गं. लांब डबे वळणावर रुसतात. आपल्या तीन वाघिणी बऱ्या." सुकलेल्या घोसाळ्यांच्या जाळीला हिरवा रंग देऊन त्यांनी चिकूची झाडं केली. रुळांच्या पलीकडे काड्या रोवून दोरे ताणले आणि त्यावर सुतळीचे इवले इवले बोंबील वाळत घातले. स्टेशन केलं, पण पाटी कोरी ठेवली. नाव काय, विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला? उतरणाऱ्याला ठाऊक असतं आपण कुठे आलो ते."

आणि नेमक्या याच दिवसांत जनाभाऊंनी ठरवून टाकलं की निवृत्तीनंतर आक्का चिंचणीला येणार. दोन्ही सुना नोकरीला जातात, नातवंडांना सांभाळायला घरचं माणूस हवं. जनाभाऊ वाईट नव्हते, बहिणीवर जीव होता. पण त्यांनी विचारलं तेव्हा बाई नेहमीप्रमाणे "बघू हं" म्हणाल्या, आणि आयुष्यभर सगळ्यांनी धरला तसा त्यांनीही त्याचा अर्थ होकार असाच धरला. मला संताप आला. मी सरळ विचारलं, "तुम्हाला जायचंय का?" बाई कागदावरचं वळण पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "घर सोडवत नाही गं. पण त्याला तोंडावर कसं सांगू?"

तरी सुताराला त्यांनी बोलावलंच. आतल्या खोलीत दोन भिंतींना धरून काटकोनात रुळांसाठी फळी बसवायची होती. सुतार म्हणाला, "बाई, दोन तुकडे करतो, मधे बोल्ट मारतो. उद्या हलवायला बरं." बाई म्हणाल्या, "जोड नको. जोडावर गाडी अडखळते." कारण खरंच होतं. म्हणून फळी खोलीतच एकसंध ठोकली गेली. यात बाईंचा काही बेत होता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

निवृत्तीनंतरच्या रविवारी जनाभाऊ मुलांना आणि टेम्पो घेऊन आले. मी मदतीला म्हणून गेले होते. खरं तर बाईंना एकटं सोडवत नव्हतं मला. भांडी जिना उतरून टेम्पोत गेली, कपाट गेलं, खाट गेली. मग आम्ही चौघांनी फळी उचलली. सरळ धरली, आडवी धरली, उभी केली. जनाभाऊंनी वितीने दार मोजलं, पुन्हा फळी मोजली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"आक्का, हे दारातून निघत नाय."

"हो का?" बाई म्हणाल्या.

"मधून कापाया लागंल."

बाईंनी फळी परत जागेवर ठेवायला लावली, आपली लहान करवत आणली आणि मुठीकडून भावाच्या हातात दिली. "सांभाळून हं, रुळांखाली खिळे आहेत." मग म्हणाल्या, "एकदा फिरवू का? शेवटची." आणि बटण दाबलं.

गाडी निघाली. चिकूच्या झाडांमागून, कोऱ्या पाटीपुढून, बोंबलांच्या दोऱ्यांजवळून. जनाभाऊ करवत धरून उभे. गाडी दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. ते वाकले आणि एका दोरीला बोटाने हलकेच शिवले.

"आय अशीच बांधायची ना दोऱ्या? टोकाला दोन वेढे."

"हो. तसेच घातलेत."

जनाभाऊंनी करवत खिडकीत ठेवली. मुलांना म्हणाले, "आत्याचं सामान वर आणा रे."

"आणि पोरांचं काय, बाबा?" थोरल्याने विचारलं.

"पोरं आपली हायत, आपण सांभाळू. हिनं तुम्हाला सांभाळलं तेवढं पुरे झालं."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकून बसले. जनाभाऊही जरा मोकळे झाल्यासारखे दिसले. पुढे माझी बदली झाली, डहाणू सुटलं, पण कुणापुढे जीभ अडखळली की मला त्या दुपारच्या बाई आठवतात. त्या दिवशी मुलांनी खाट वर आणली आणि कुठे ठेवायची म्हणून विचारलं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या दाराशी होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. मुलं सवयीने तिकडेच वळली.

"तिथे नको," बाई म्हणाल्या. "आतल्या खोलीत, खिडकीखाली. मला झोपल्या झोपल्या गाडी दिसायला हवी."