रामदासच्या वावरातला गाळाचा थर

भूशास्त्र विभागात मी लॅब असिस्टंट होतो. दगडांना आम्ही नंबर टाकून कपाटात ठेवायचो. किस्से तसेच पडून राहिले. रिटायर झाल्यावर आता तेच हाताला लागतात.

आमच्या निफाडकर सरांना एकच ध्यास. पोथीपुराणातला महापूर गोदावरीच्या मातीत कुठं सापडतो का!

*

नाशकात पूर फुटात मोजत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघ्याला लागला, कमरेला लागला. सरांनी एकदा टेप लावून मारुतीची सगळी मापं वहीत उतरवली.

शेजारचा फुलवाला म्हणाला, "सदरा शिवायचाय का?"

*

इगतपुरीला एका लग्नात सर मांडवातून गायब. शोधलं तर नव्या विहिरीच्या मातीपाशी बसून रुमालात वाळू बांधत होते. यजमान हात जोडून म्हणाले, "सर, पंगतीत काही कमी पडलं का?"

*

सायखेड्याकडे रामदासच्या फ्लॉवरच्या वावरात, नदीपासून चांगलं उंचावर, आम्ही खड्डा घेतला. कमरेइतक्या खोलीवर बारीक, चिकट गाळ. पुराशिवाय इतक्या वर गाळ येणार कसा? सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

रामदास तिथंच घर बांधणार होता, पाया आखून तयार. सर म्हणाले, "इथं नको रे. हजारो वर्षांपूर्वी पाणी इथवर आलंय, परत येईल. लेकराबाळांचं घर आहे."

रामदासच्या आई भीमाबाईंनी ते ऐकलं आणि घर टेकाडावर बांधायला लावलं. रामदास पाण्याचे हंडे वर नेताना रोज सरांचा उद्धार करायचा.

*

दोन वर्षांनी रामदासच्या शेजारचे म्हातारे आबा आपल्या शेतात बंधाऱ्याचा गाळ टाकत होते. सरांनी विचारलं, हे कशाला?

"पीक लय जोरात येतं. तुमच्या खड्ड्याच्या जागी खळगा व्हता. रामदासच्या आज्ज्यानं गाळानंच भरला, भीमाबाई सून म्हणून यायच्या आधी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला कुठं इचारलं? मातीला इचारत व्हता."

सर आठवडाभर धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. रामदासला सांगायला जायचा धीर त्यांना काही होईना.

*

मग एका पावसाळ्यात गोदावरी अशी चढली, की आखलेल्या पायावर पुरुषभर पाणी. टेकाडावरचं घर कोरडं. ओसरल्यावर सर चिखल तुडवत गेले. भीमाबाई औक्षणाचं ताट घेऊन दारात.

सर मागे सरले. "आजी, नका ओवाळू. माझा पुरावा खोटा होता. तो गाळ पुराचा नव्हताच."

भीमाबाईंनी कुंकवाचं बोट टेकवलं.

"ऱ्हाऊ द्या खोटा. नातवंडं तर खरी हायेत."