एका घराचे तीन फोन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या थोरल्या वहिनीचे आहेत. तिचं नाव इथे लिहीत नाही. हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, पण नाव घालायचं नाही आणि वाडीचंही नाव घालायचं नाही, अशी अट घातली.

मी दहावी झालो तेव्हा दादा मुंबईत कामाला लागला होता. मी आता घरी थांबावं, गुरांमागे जावं आणि शेतात हातभार लावावा, असं वडिलांच्या मनात होतं. वहिनीच्या लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, त्याला शिकू द्या. त्याच्या वाट्याचं गवत मी कापीन." पुढची पाच वर्षं तिने ते कापलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, हायवेपासून बरीच आत आहे. मी महाडला तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होतो. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या गणपतीत दादा तीन फोन घेऊन आला. एक त्याचा, एक घरात वहिनीकडे, एक मला. सुरू करताना प्रत्येक फोन मेल आयडी मागू लागला. घरातला शिकलेला मी, त्यामुळे तिन्ही फोन माझ्यापुढे ठेवले गेले. मी विचार केला, रेशनकार्ड घराला एक, गॅसचं पुस्तक एक, घरपट्टी एकाच्याच नावावर. मग मेल आयडीही घराला एक पुरे. तोच आयडी तिन्ही फोनांत घातला आणि पासवर्ड म्हणून कुलदैवताचं नाव टाकलं.

"बरं केलंस," वडील म्हणाले. "धा कागद सांभाळायला नकोत."

मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पुढच्या वर्षी माझा फोन विचित्र वागू लागला. मी काही शोधायला गेलो की खाली आधी शोधलेलं दिसायचं, आणि ते मी शोधलेलं नसायचं. 'पोलादपूरहून महाडला पहिली एसटी.' मला कशाला हवी होती ती? आधी संशय खोलीतल्या मित्रांवर गेला. मी फोन उशीखाली ठेवू लागलो, आंघोळीला जाताना बरोबर नेऊ लागलो. एकजण म्हणालाच, "काय रे, साबण लावतोस की काय त्याला?" तरी नवीन ओळी येतच राहिल्या. मग वाटलं, फोनच आपलं बोलणं ऐकतो. काही दिवस मी त्याच्यासमोर घरचं बोलायचंच टाळलं.

एका संध्याकाळी दादाचा फोन आला.

"एकटा हायस का?"

"हो. का रे दादा?"

"तुझी वहिनी कुठं जायच्या बेतात हाय?"

मला काही कळेना. तो त्याच्या फोनवर आलेलं वाचून दाखवू लागला. "ऐक. 'महाडला बायकांना एक दिवस राहायची सोय.' हे काय? पुढचं ऐक. 'लग्नाआधीचं नाव परत लावता येतं का.' आणि हे बघ, कालचं. 'मोबाईलवर शोधलेलं पुसायचं कसं.' पुसायचं कशाला, काय लपवायचं नाय तर? साफ सांग, तुला ठाऊक हाय ना?"

"मला खरंच ठाऊक नाय."

"मग बघ जरा. तू तिथंच हायस. मी रविवारी येतो. फोन काढून घेतो आणि तिला इकडं आणून ठेवतो. बस झालं एकटं राहणं."

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच आल्या. तिन्ही फोनांना मी एकच आयडी दिला होता, म्हणून तिचं शोधणं त्याला मुंबईत आणि मला महाडात दिसत होतं. ही माझी चूक होती. ती तेव्हाच दादाला सांगायला हवी होती. मी सांगितली नाही, कारण दुसरी गोष्ट जास्त जोरात होती. वहिनी खरंच कोणाला भेटते का?

पुढचे तीन दिवस मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी तिचं शोधलेलं सगळं वाचलं. तास, मिनिटं पाहिली. दुपारी आई झोपते तेव्हा वहिनी शोधते हे मला कळलं. जिने माझ्या वाट्याचं गवत कापलं, तिच्यावर मी पाळत ठेवली. तीही इतक्या सोप्या रीतीने, की चोरी करतोय असं वाटलंच नाही. गुरुवारी दुपारी नवीन ओळ आली. 'महाड स्टँडपासून कॉलेज चालत किती लांब.'

शुक्रवारी सकाळी मी तास बुडवून स्टँडवर जाऊन उभा राहिलो. वहिनी दुसऱ्या गाडीतून उतरली. हातात प्लास्टिकची फाईल, अंगावर लग्नकार्याची साडी. मी बाजारातून तिच्या मागे चाललो. ती एका दुकानाशी थांबली की मी दुसऱ्या दुकानाशी थांबायचो. एका बाईला तिने रस्ता विचारला. मग ती माझ्याच कॉलेजच्या ऑफिसात शिरली. मी समोरच्या वडापावच्या टपरीआड उभा राहिलो. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, रस्ता ओलांडून सरळ टपरीवर आली आणि म्हणाली, "बाहेर ये. मगासपासना बघतेय तुला. स्टँडवर पण होतास."

मी बाहेर आलो.

"तुझ्या पुस्तकांच्या पिशवीत मी कधी हात घातला रे?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. टपरीवाला मात्र वडे तळायचा थांबला.

मी सगळं सांगितलं. एक आयडी, तीन फोन, दादाचा संशय, माझा संशय, रविवार. ती बाकावर बसली आणि फाईल उघडून तिने मला कागद दाखवले. दहावीचा दाखला, आधार आणि सतरा नंबर फॉर्मची पावती. ती बारावीला बाहेरून बसणार होती. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून तिने नावाचं विचारलं होतं. परीक्षेच्या दिवशी पहिली गाडी वेळेत पोचत नाही, म्हणून राहायची सोय.

"मग आम्हाला सांगायचं ना वहिनी! मी पुस्तकं दिली असती."

"दहावीला पयल्यांदा मी नापास झाले. निकाल नेटवर लागला. माझा नंबर काकाकडं होता, तो इथं महाडला येऊन बघून गेला आणि गाडीतून उतरतानाच ओरडला. मी नदीवर होते. धुणं घेऊन वर येईपर्यंत सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. माझा निकाल मला सगळ्यात शेवटी कळला." कागद फाईलीत घालत ती म्हणाली, "आता नापास झाले तर एकटीनं व्हायचंय मला. लपवायचं ते एवढंच हाय."

मी तिथेच तिचा फोन मागितला. जुना आयडी काढला, तिच्या एकटीच्या नावाने नवा उघडला. पासवर्ड तिलाच टाकायला लावला आणि तोंड फिरवून बसलो. फोनला कुलूप लावलं. शोधलेलं साठवून ठेवणं बंद केलं, आपण कुठे आहोत ते सांगणंही बंद केलं. मागचा माग राहत नाही अशी वेगळी खिडकी कशी उघडायची ते दाखवलं.

"आता कुणालाच दिसणार नाय?"

"घरात कुणाला नाय. पण नेट देणारी कंपनी, ती वेबसाईट, त्यांना कळायचं ते कळतंच. ह्या खिडकीने ते थांबत नाय."

"कळू दे. ते काय आपल्या विहिरीवर येऊन बसणारेत?"

"ते विकतात वहिनी. आपण काय शोधतो ते."

"मग बारावीची गाईडं विकायला येतील, दुसरं काय!" ती हसली. मग फोनकडे बघत तिने विचारलं, "कुणाचं काय दुखतं, कुणाला काय झालंय, तेबी विकतात?"

"विकत असतील."

"मग तेबी बंद कर."

जेवढं बंद करता आलं तेवढं केलं. सगळं करता येत नाही हे तिला सांगितलं. तेव्हापासून मी कुठल्याही चौकटीत 'मान्य आहे' असं दाबायच्या आधी थांबतो. कोण विचारतंय आणि त्याला कशाला हवंय, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. फक्त तो संशय आता माणसांवरून काढून मी योग्य जागी नेला आहे.

उरला रविवार. दादाला सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं. तो आला असता तर तिचा फोन गेला असता, मुंबईला जावं लागलं असतं, परीक्षा गेली असती. रात्र पडायच्या आत मी दादाला फोन लावला.

"बघितलंस?" त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

"बघितलं. काय वाईट नाय. काय हाय ते मी सांगणार नाय."

"म्हणजे तूपण तिच्यातला!"

"दादा, तिन्ही फोनला एकच खातं आहे. चूक माझी. तिचं तुला दिसतं तसं तुझंही मला दिसतं."



"काय दिसतं?" त्याचा आवाज बदलला होता.

"मी कुणाला सांगितलं का? वहिनीला सांगितलं? बाबांना? नाय ना. मग तिचंही सांगणार नाय."

शेवटी तो म्हणाला, "माझंबी वेगळं करून दे." रविवारी तो आला नाही. त्याचं काय दिसलं होतं, ते मी इथेही लिहीत नाही.

प्रत्येक पेपरच्या आदल्या रात्री वहिनी माझ्या घरमालकिणीकडे राहायची. 'आईच्या डोळ्यांच्या औषधाला' म्हणून घरी सांगितलं होतं. तेवढं खोटं आम्ही दोघं मिळून बोललो. माझीही परीक्षा संपली आणि मला पनवेलला नोकरी लागली. तिथून मी तिला हे पत्र पाठवलं. पाकिटात घालण्याआधी वहीत उतरवून ठेवलं होतं.

"वहिनी, नमस्कार.

मेसेज फोनच्या तोंडावरच दिसतो, म्हणून पोस्टाने लिहितोय. पाकीट दोन्हीकडून चिकटवलं आहे. फुटलेलं आलं तर मला सांग.

निकालाची तारीख अजून सांगितलेली नाही. आदल्या दिवशी बातमीत येते. वेबसाईट सरकारीच उघड, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर लगेच बंद कर. कोणी लिंक पाठवली तर दाबू नकोस. तिथे सीट नंबर आणि आईचं नाव विचारतात. मोबाईल नंबर मागितला तर देऊ नकोस, निकालाला तो लागत नाही. पहिल्या तासात साईट चालत नाही, घाबरू नकोस. दुपारी आई झोपली की बघ.

तुझा सीट नंबर मला पाठ आहे. तुझं हॉलतिकीट हातात घेऊन मीच तुला वर्ग दाखवला होता. तुझ्या आईचं नावही मला माहीत आहे. म्हणजे निकाल मला इथे बसून बघता येईल आणि तुला कधीच कळणार नाही. मी तो बघणार नाही. हे तुला माझ्या शब्दावरच मानावं लागेल. ते कठीण आहे हे मला माहीत आहे, कारण मी एकदा तुझ्या मागे स्टँडवर उभा होतो.

काय लागला ते कळवलंस तर आनंद होईल. नाही कळवलंस तर मी कधीच विचारणार नाही, दादालाही विचारू देणार नाही.

तुझा धाकटा दीर."