कांडी कोणाच्या हातात द्यायची

गेल्या महिन्यात जादूच्या खेळातली माझी मोडकी कांडी खरोखरच मोडली. आतली दोरी तुटली आणि सहा तुकडे फरीदाबादच्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये सहा दिशांना घरंगळत गेले. मुलांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. ती हसून हसून लोळायला लागली. मी आपली टेबलाखाली शिरून तुकडे गोळा करत होते. गुडघे कुरकुरत होते, आणि वाढदिवसाच्या मुलीचे आजोबा "मैडम, रहने दीजिए" म्हणत जागचे हलत नव्हते.

ही कांडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगायला हवं. दिसायला ती साधीच, काळी, दोन्ही टोकं पांढरी. आत पोकळ तुकडे, त्यांतून ओवलेली एक दोरी. दोरी मी टोकाशी ताणून धरली की कांडी ताठ उभी राहते. एखाद्या मुलाला जवळ बोलवायचं, कांडी त्याच्या हातात द्यायची आणि देता देता दोरी सोडायची. कांडी खडखडत खाली लोंबते, मूल घाबरून माझ्याकडे बघतं, आणि मी कपाळाला हात लावते, "अरे, यह क्या हो गया! मुझसे तो एक चीज़ ठीक से नहीं बनती!" परत घेतली की पुन्हा ताठ, दिली की पुन्हा लोंबते. असं तीनदा करायचं. चौथ्यांदा केलं की पुढच्या रांगेतलं एखादं आगाऊ पोर सगळं गुपित फोडतं.

आयुष्यभर केंद्र सरकारच्या एका खात्यात मी फायली पुढे सरकवल्या आणि रविवारी हे उद्योग केले. आता निवृत्त झाले तरी रविवार सुटलेला नाही. म्हणून नवी कांडी हवी होती. ऑनलाइन पाच कांड्या मागवल्या. एक प्लॅस्टिकची होती, तिला आवाजच नाही. मागे बसलेल्या मुलाला दिसत काही नसतं, त्याला निदान ऐकू तरी आलं पाहिजे. दुसरी इतकी लांब, की पाच वर्षांच्या मुलाच्या हातात ती जमिनीला टेकेल. तिसरी लाकडी, आवाजाला छान. चौथीची चमकी हाताला लागत होती. पाचवीत दोरीऐवजी रबर होतं. तुकडे जुळताना माझंच बोट चिमटलं. मुलाचं बोट चिमटलं की माझा खेळ संपतो आणि त्याच्या आईबापांचा सुरू होतो.

पण कांडी निवडणं सोपं. मूल निवडणं अवघड. मला हे सगळं शिकवलं ते जुन्या दिल्लीतल्या एका म्हाताऱ्या जादूगारांनी. मी त्यांना उस्तादजी म्हणायचे. त्यांचं म्हणणं, हसं जादूगाराचं झालं पाहिजे, मुलाचं कधीच नाही. उड्या मारणाऱ्या पोराला बोलवायचं नाही, ते कांडी हिसकावून दोरी शोधतं. आई मागून ढकलतेय त्यालाही नाही, ते रडतं. ज्याचा हात अर्धाच वर आहे, कोपरात वाकलेला, त्याला बोलवायचं. आणि शेवटचा नियम त्यांनी मला दोनदा बजावला होता, "घर का बच्चा कभी नहीं बुलाना, बेटी। लोग कहेंगे, सिखाया हुआ है।"

माझी मुलगी प्रत्येक खेळाला माझ्याबरोबर असायची. हौस म्हणून नव्हे. नवरा सतत दौऱ्यावर, दिल्लीत आपलं म्हणावं असं माणूस नाही, रविवारी तिला ठेवणार कुठे? मी सामानाची बॅग उघडेपर्यंत ती परक्या मुलांच्या वाढदिवसात, परक्या मुलांमध्ये जाऊन बसायची. तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला. कोणी विचारलं, "तुम किसकी फ्रेंड हो?" तर माझ्याकडे बोट दाखवायची. केक मिळायचा, रिटर्न गिफ्ट उरलं तर मिळायचं.

आणि मी कांडी काढली की तिचा हात वर जायचा. सरळ, कानाला चिकटलेला. ती ओरडायची नाही, उड्या मारायची नाही, नुसती हात तसाच वर धरून ठेवायची. माझी नजर त्या हातावरून पुढे जायची. मला तो दिसायचा, हे मी आज कबूल करते. नजर वळवताना आत काहीतरी टोचायचंही. पण बाई जादू करतेय म्हटल्यावर मागे उभे असलेले बाप लोक आधीच दात काढून म्हणायचे, "सब सेटिंग है." त्यांना आयतं कोलीत मला द्यायचं नव्हतं. माझ्या नाकाचा शेंडा तेव्हा फार वर होता.

परतीच्या शेअर ऑटोत ती विचारायची, "आज पण नाही?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणायचे.

"अच्छा," एवढंच बोलून ती बॅग मांडीवर घ्यायची.

मग एकदा हिवाळ्यात गाझियाबादला गच्चीवर उन्हात खेळ होता. ती नऊ-दहा वर्षांची असेल. मी कांडी काढली, सवयीने भिंतीच्या बाजूचं टाळायला गेले, आणि टाळायला काही नव्हतंच. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती मुलांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. कठड्यावर कोणीतरी वाळत घातलेल्या गाद्या बघत होती. तेव्हा मला काय वाटलं? माझा जीव भांड्यात पडला. चला, पोरीला समज आली, असं मी मनात म्हटलं आणि दुसऱ्याच एका मुलाला पुढे बोलावलं.

आता त्या हातासाठी जीव तुटतो. दर रविवारी मुलं हात वर करतात आणि मी भिंतीच्या बाजूला आधी बघते. शेवटचा हात तिने कोणत्या खेळात वर केला होता, तेही आठवत नाही. आठवेल कसं, मी बघायचं टाळत होते.

ती आता बंगळुरूला नोकरी करते. परवा व्हिडिओ कॉलवर मी तिला पाचही कांड्या एकेक करून वाजवून दाखवल्या.

"तिसरी," ती म्हणाली. "बिल्कुल तिसरी. बाकीच्या परत कर."

मी म्हटलं, "तू ये दिवाळीला. खेळ ठेवते आणि पहिलं तुलाच बोलावते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत. इतकी वर्षं तुला कांडी दिली नाही, माझं चुकलंच."

ती हसायला लागली. "आई, यार! कांडी कोणाला हवी होती? तुझी दोरी तर मीच बांधून द्यायचे."

"मग हात कशाला वर करायचीस?"

ती म्हणाली, "तू त्या मुलांना कांडी द्यायच्या आधी जवळ घ्यायचीस ना. खांद्यावर हात ठेवून विचारायचीस, आपको सबसे ज़्यादा क्या अच्छा लगता है? आणि ते सांगेपर्यंत थांबायचीस. सगळे लोक खोळंबलेले, आणि तू आपली त्याच्याकडेच बघत उभी. मला ते हवं होतं. मी घरून उत्तर ठरवून यायचे."

मी हातातली कांडी पलंगावर ठेवली. मग विचारलं, "काय ठरवलं होतंस?"

"आता कुठे आठवतंय गं," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या दारावरची बेल वाजली, जेवण आलं होतं. "चलो, ठेवते. तिसरी घे हां."

कांड्या पलंगावर तशाच पसरलेल्या होत्या. मी बसून तिच्या वतीने उत्तर शोधायला लागले. परक्या मुलांची उत्तरं मला आजही पाठ आहेत. एकाला मोमो आवडायचे, एकीला पाल, एका मुलाला त्याच्या पप्पांची स्कूटर सुरू व्हायच्या आधीची खरखर. माझ्या मुलीला सहा वर्षांची असताना जगात सगळ्यात जास्त काय आवडायचं, ते मला सांगता येईना. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.